सुरूच्या बनापर्यंत आणि परत

मी धावायला शिकले ती रागाने. तब्येतीसाठी, हौसेसाठी, पहाटेच्या हवेसाठी धावणारे पुष्कळ असतील, त्यांना माझा नमस्कार. मला एका माणसाची जिरवायची होती.

तो माणूस माझ्या सख्ख्या आत्याचा मुलगा. आमच्या तंजावरी मराठी घरांत मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क. हे कोणी ठरवत नसे, ते ठरलेलंच असे. मी पाळण्यात होते तेव्हापासून आत्या मला सून म्हणूनच हाक मारायची, आणि मी तिच्या मुलाला तमिळ रीतीने ‘अत्तान’ म्हणायची. तो तरंगमबाडीला समुद्राकाठी राहायचा, तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवायचा आणि रोज सकाळी पांढरी अर्धी चड्डी नि कॅनव्हासचे बूट घालून धावायचा. कुंभकोणमला आमच्याकडे आला की त्याच्या धावण्याच्या वाटेचं वर्णन सुरू. किल्ल्याच्या भिंतीपासून निघायचं, लाटांनी अर्धं खाल्लेल्या जुन्या देवळावरून पुढे, वाळूवर ओढून ठेवलेली कोळ्यांची कट्टुमरं, म्हणजे ओंडके बांधून केलेल्या होड्या, ओलांडत थेट सुरूच्या बनापर्यंत, आणि परत. उजव्या हाताला सूर्य पाण्यातून वर येत असतो, म्हणायचा. मी तोंड उघडं टाकून ऐकायची. ते बन मला माझ्या सासरच्या अंगणासारखं वाटायचं.

मी सतराची झाले तेव्हा आत्या आणि तो बोलणी पक्की करायला आले. तंजावरचं राज्य जाऊन शंभर वर्षं होत आली होती, पण आमच्याकडे बोलणी करायची म्हणजे अजून दरबार भरायचा. ओसरीवर जाजम, चांदीचं तबक, सगळे नातेवाईक मांडी घालून. मी त्या वेळी कावेरीवरून पाण्याची घागर घेऊन आले. अंगाने मी चांगलीच भरलेली होते, घाटाच्या पायऱ्या चढून धाप लागलेली. तो माझ्याकडे बघून म्हणाला, “माम, इंजिन आलं पहा! स्टेशनास सांगा, पाणी भरून घ्या मेणून.”

ओसरी हसली. आत्या हसली. माझे वडीलसुद्धा हसले, कारण पाहुण्यांपुढे दुसरं काय करायचं ते त्यांना सुचलं नाही. मग तो शांतपणे म्हणाला, की मला चपळ बायको हवी, ही एका जागी बसणारी आहे, तेव्हा हक्क मी सोडला. तबक तसंच आत गेलं. मी घागर उतरवली नव्हती. तिचं पाणी माझ्या मानेवरून पाठीत जात होतं आणि मी उभीच होते.

लग्न मोडल्याचं दुःख मला झालं नाही, हे मी आधीच सांगून टाकते. त्या हसण्याने माझ्या अंगाची लाहीलाही झाली. जेवताना ते हसू ऐकू यायचं, तांदूळ निवडताना ऐकू यायचं. आठवडाभराने मी ठरवलं, की तो ज्या वाळूचा एवढा तोरा मिरवतो, तिथेच, त्याच्याच माणसांसमोर, त्याला मागे टाकायचं. त्याशिवाय मला घास गोड लागणार नव्हता.

पण मुलीने धावायचं कसं? मी आईला सांगितलं, मला पहाटे कावेरीच्या स्नानाचा नेम करायचा आहे. आईने काही विचारलं नाही. घरात तिने सांगून टाकलं, पोरगी चांगल्या नवऱ्यासाठी नेम करते आहे. रोज उजाडायच्या आधी ती माझ्याबरोबर यायची आणि घाटावर जपमाळ घेऊन बसायची. मी नऊवारीचा काच्या घट्ट मारून खाली उतरायची.

चैत्र-वैशाखात आमच्या कावेरीत पाणी नसतंच. वाळूचं पांढरं पात्र इकडून तिकडे पसरलेलं, मधे खड्डे खणून झऱ्याचं पाणी काढलेलं. त्या वाळूत मी धावले. पहिल्या दिवशी पोटऱ्यांत असे गोळे आले की मी खड्ड्याजवळ बसून रडले, आणि रडता रडता त्याला शिव्या दिल्या. एकही शिवी वाया गेली नाही, दुसऱ्या दिवशी त्याच शिव्यांवर मी थोडी पुढे गेले. हळूहळू पाय शहाणे झाले. भुसभुशीत वाळूत टाच रोवायची नाही, पाऊल लांब टाकायचं नाही, चिमणीसारखं बारीक बारीक उचलायचं. पुढे धरणाचं पाणी सुटलं, पात्र भरलं, तेव्हा मी काठाने स्वामीमलैच्या दिशेला धावू लागले. एका बाजूला गढूळ पाणी, दुसऱ्या बाजूला भाताची हिरवी लावणी, पायाखाली ओला बांध. वाट फार सुंदर होती, असं लोक म्हणतात. मला सगळीकडे पांढरी अर्धी चड्डी दिसायची. स्नानाला डोकं बुडवताना मी पुण्य मागितलं नाही, त्याची फजिती मागितली. माझं अंग उतरलं, शेजारणी म्हणाल्या नेम मानवला. मला मनातून हसू यायचं.

थै महिन्याच्या अमावास्येला, म्हणजे आपल्या पौषाच्या अखेरीस, पितरांच्या तर्पणासाठी समुद्रस्नान करायला आमचं सगळं कुटुंब तरंगमबाडीला गेलं. नातं तुटलं नव्हतं, उतरायचं आत्याकडेच. आदल्या दुपारी पोचल्या पोचल्या मी किनारा बघून आले. पाण्यालगत ओल्या वाळूची रुंद, घट्ट पट्टी होती, शेणाने सारवलेल्या अंगणासारखी. ती अगदी बनापर्यंत गेली होती. म्हणजे हा गडी वाळूत धावतच नव्हता, तो सडकेवर धावत होता! अशा जमिनीवर बूट घातलेल्या पुरुषापुढे माझा काय टिकाव लागणार? वर्षभराचा राग फुकट गेला असं वाटलं.

सकाळी तर्पणासाठी सगळे किनाऱ्यावर आलो, तर ती पट्टीच नाही. अमावास्येच्या भरतीने समुद्र पार वर चढला होता. लाटा कट्टुमरांच्या बुडाशी आपटत होत्या आणि चालायला उरली होती फक्त वरची कोरडी, भुसभुशीत वाळू. कावेरीतली असते तशीच. मी समुद्राला मनापासून हात जोडले. आई म्हणाली, केवढी भक्ती.

स्नान, तर्पण झालं. तो कपडे बदलून बूट बांधत आला. त्या दिवशी त्याने घरी बसायला हवं होतं, भरतीत तो एरवी धावत नसे असं आत्याच नंतर म्हणाली. पण पाहुणे होते, बायका होत्या, मिरवायची संधी होती. मला बघून म्हणाला, “काय, येतीस बनापर्यंत?”

“येतों,” मी म्हणाले आणि पदर खोचला.

सगळ्यांना ती थट्टा वाटली. किल्ल्याच्या भिंतीपासून आम्ही निघालो तेव्हा मुलं टाळ्या पिटत होती. तो लांब लांब ढांगा टाकत पुढे गेला, देवळापर्यंत बराच पुढे होता. मी त्याच्या पाठीकडे बघत माझी बारीक पावलं टाकत राहिले. देवळानंतर त्याच्या ढांगा आखूड झाल्या. बुटांत वाळू भरली होती, प्रत्येक पाऊल उपसून काढावं लागत होतं. बनाजवळ आम्ही बरोबरीला आलो. सुरूच्या एका खोडाला हात लावून तो वळला, मीही हात लावला. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत थट्टा नव्हती, भीती होती, आणि ती मी पोटभर पिऊन घेतली.

परतताना त्याचा श्वास माझ्या मागे घरघरत होता. मग तो लांब राहिला. मग लाटांशिवाय काही ऐकू येईना. मी मुद्दाम वेग कमी केला नाही. उजाडलेला अख्खा किनारा, ओळीने उभे असलेले माझे नातेवाईक, आणि त्यांच्याकडे एकटी धावत येणारी मी. वडिलांच्या हातातला दर्भ खाली पडलेला मला दिसला.

तो आला तेव्हा गुडघ्यांवर हात टेकून कितीतरी वेळ वाकून उभा होता. एक बूट हातात होता. मी वाट बघत होते, की आता हे लोक हसतील. कोणी हसलं नाही. उलट तो सावकाश सरळ झाला, त्याचा चेहरा उजळला होता, आणि माझ्या वडिलांना म्हणाला, “माम, मागें मी चुकलों. हीच मज पाहिजे.”

आणि मग माझ्या डोळ्यांदेखत सगळं उलटलं. आत्याने मला पोटाशी धरलं, “माझी सून, त्याजसाठीं केवढे कष्ट केलीस!” असं म्हणून रडू लागली. काकवा एकमेकींना सांगू लागल्या, नेम केला होता ना पोरीने. वडिलांनी डोळे पुसले. आत्याने कमरेची कुंकवाची डबी काढली. मी आईकडे वळले. वर्षभर अंधारात घाटावर बसून तिने माझी राखण केली होती, तिला तरी ठाऊक असेल असं मला वाटत होतं. तीही हात जोडून हसत होती. म्हणाली, “फळलं बाई, वर्षभर धांवलीस ते.”

एवढ्या शिव्या, एवढे गोळे, एवढी वाळू, आणि या सगळ्यांच्या हिशोबी मी त्याच्या मागे धावत होते. मला असा संताप आला की त्याच्यापुढे वर्षभराचा राग काहीच नव्हता. आत्याचं बोट माझ्या कपाळाजवळ आलं होतं. मी तिचा हात धरला आणि खाली केला.

“अत्या, नक्को. मज हे लग्न करायाचें नाहीं.”

वडील पुढे आले. त्याला तर खरंच समजेना. घामाने थबथबलेला, हातात बूट, लहान मुलासारखा माझ्याकडे बघत त्याने विचारलं, “मग वर्षभर धांवलीस काशास?”

“तुम्हांस मागें टाकायास.”

“इतकंच?”

त्याचा चेहरा पडताना मी शेवटपर्यंत बघितला, आणि म्हणाले, “इतकंच.”