अण्णाचा हट्ट

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हालाच का सांगतोय? — देव जाणे. ऐका, झालं.

मी दिवेआगरचा, सुपारी भरून मचवा मुंबईला नेणारा तांडेल. थोरला भाऊ अण्णा वाडी बघायचा. गरीब स्वभावाचा, आणि पाण्याला भारी भिणारा. आगरदांड्याहून दिघीला होडीतून जायचं म्हटलं तरी त्याला बोट लागायची. आम्ही चिडवून चिडवून हैराण करायचो. आणि बोट लागलेल्याला आम्ही काही परत किनाऱ्यावर आणत नाही. ओकू दे, लोळू दे; दोन दिवसांत सवय होते.

आईचा नवस फेडायला दोघे केदारला निघालो. आगबोट, आगगाडी, मग पायी. शेवटच्या चढाला अण्णा ओकायला लागला, झोकांड्या खायला लागला. मला हसूच आलं — डोंगरावरही ह्याला बोट लागली! पाठीवरच्या टोपलीतून यात्रेकरू वाहणारा एक पहाडी म्हणाला, ह्याला ही वरची हवा बाधलीय, मला ह्याला आत्ताच्या आत्ता टोपलीतून खाली नेऊ द्या. मला कळलं. शब्दन् शब्द कळला. तरी मी त्याला हाकलून दिला. इतक्या लांब येऊन दर्शन चुकवायचं? डोकं माझंही ठणकत होतं, कुणी बोललं की अंगावर धावून जावंसं वाटे.

धुकं उतरलं, एका दगडी खोपीत अडकलो. मुंगीही न मारणारा अण्णा मला शिव्या द्यायला लागला. मग रडायला — घरी ने रे मला. शेवटी स्वतःच सरपटत दाराकडे निघाला. आणि मी — कसं सांगू? — मी दार अडवून बसलो. थोबाडीत मारली. थोरल्या भावाच्या! मग तो बोललाच नाही. दुसऱ्या दिवशी दंडाला धरून ओढत वर नेला. वाटेत एका दगडावर टेकला तो उठला नाही. गेला.

पुढे मुंबईत एका डॉक्टराने सांगितलं, तिथली हवा विरळ, भल्याभल्यांचं डोकं फिरतं, माणूस चिडतो. काय बरं वाटलं म्हणून सांगू! चार दिवस वाटलं. पण घरी येऊन वहिनीला जे सांगितलं, ते? “मी परत फिरू म्हणत होतो, वहिनी. अण्णाच ऐकेना.” हे तर मी आमच्या ओटीवर बसून बोललो. समोर समुद्र. तिथे कसली आलीय विरळ हवा?

खरं सांगायला कितीदा तोंड उघडलं. पण घर एक, चूल एक — सांगून जाऊ कुठे?

अण्णाला मूलबाळ नाही, श्राद्ध मीच करतो. दर वर्षी त्याचं पान वाढताना वहिनी त्या पानाला विचारते, “एवढा हट्ट कशाला केलात हो?”

मी मान खाली घालून जेवतो.