भिंतीवरचं साल

वस्ती सोडली त्या सकाळी मारुतीच्या आईनं चूल लिंपायला घेतली. आपण निघालो, परत यायचं न्हाई, आणि ही बाई चूल लिंपती. म्या खेकसलो. ती म्हणाली, तडकलेली चूल मागं टाकून जायची न्हाई. मग हात धुतले आणि बांधाखाली गेली. आमची दोन लेकरं तिथं पुरलेली. त्यांच्या उशाचे धोंडे कलंडले होते ते सरळ केले आणि माझ्याकडं न बघता बोलली.

"दोघं हितं ठिवून चाललेय. तिसरा मी कुठं जाऊ देनार न्हाई."

तिसरा म्हणजे मारुती. तवा सतरा-अठराचा. मेंढरं रोगानं मेली म्हणून आमी उतरलो. रोज दोन-चार तंगड्या ताठ करून पडायची. माझा बाप म्हणायचा, मेंढरं मेली तर पुन्हा व्हतील, पर जागा सोडली की माणूस सगळीकडं पाव्हणा. म्या त्याचं ऐकलं न्हाई. बायकोला तर विचारलंच न्हाई. सांगितलं, उठ, आणि ती उठली.

वर राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं खाली उतरलेल्यांनो, हे तुमाला लिहितोय. मला लिहायला उशिरा आलं, तवा अक्षराला हसू नका.

वेल्ह्याकडचे डोंगर उतरून दोन दिसांनी भोरात आलो. त्याच्या आदल्याच साली भोरचं संस्थान गेलं होतं. राजवाड्यापुढनं जाताना मी पागोटं सावरून वाकलो, तर एकजण म्हणाला, बाबा, आता कचेरीत वाका. हिरड्याच्या वखारीत मला हमाली मिळाली. नीरा नदीच्या अंगाला एक खोली मिळाली, एक भिंत फळ्यांची. फटीतनं वारा असा यायचा की दिवा टिकायचा न्हाई. वस्तीवर वारा काय कमी होता? पण तो सगळ्यांचा होता. हा आमच्या एकट्याच्या अंगावर यायचा.

मारुतीच्या आईनं वाण्याकडनं जुने पेपर आणले, चिंचोक्याची खळ शिजवली आणि फळ्यांवर कागद डकवले. वरची कड निघू नये म्हणून दुमडून चिकटवली. भिंत झाली. आमी तिघंबी निरक्षर, त्यामुळं उलटं काय नि सुलटं काय. दोन कागद उलटेच लागले.

पुढं शाळेत संध्याकाळचा मोठ्या माणसांचा वर्ग निघाला. वखारीतल्या चौघांनी नावं घातली, तीन पळाले, मी राहिलो. जोडाक्षरं यायला वरीस गेलं. मग घरी येऊन म्या भिंत वाचायला घेतली. बोट ठेवून, एकेक ओळ. दमलेलं पोरगं जेवत बसलेलं असायचं, मारुतीची आई तव्यावर भाकरी टाकायची, आणि मी मोठ्यानं वाचायचो. वस्ती सुटल्यापासनं पहिल्यांदा मला वाटलं, आपण कुणीतरी आहोत.

काय वाचलं ते सांगतो. विलायतचा बादशहा वारला. नवा गादीवर बसला. जर्मनाची फौज सरहद्दीच्या मोकळ्या पट्ट्यात शिरली आणि कुणी हूं का चूं केलं न्हाई. इटलीवाल्यानं हबशांच्या मुलखात विमानातनं विषारी धूर सोडला, अनवाणी माणसं आणि गुरं जागच्या जागी होरपळली, आणि त्यांचा बादशहा आगगाडीत बसून देश सोडून गेला. स्पेन म्हणून मुलूख आहे, तिथं भाऊ भावाला भिंतीला उभं करून गोळी घालतो. एक बातमी तेवढी बरी होती. हिंदुस्थानची पोरं जर्मनात जाऊन हॉकी जिंकली. मारुती तीच पुन्हा वाचायला सांगायचा. त्याची आई धुराची सांगायची.

म्या हे सगळं ताजं समजून वाचलं. आता हसाल. पण त्याच दिसांत कचेरीपुढं माणसं बोलत होती की विलायतचा राजा वारला. म्या घरी येऊन भिंत बघितली. तेच छापलेलं. मग बाकीचं खोटं कसं असंल? भिंतीवर पुढं लिहिलं होतं की नव्या राजानं एका बाईपायी गादी सोडली. ते म्या दुसऱ्या दिशी वखारीत सांगितलं. मापाडी म्हणाला, "बाबा, तिथं राणी बसलीया. बाई कुठली बाईपायी गादी सोडती?" सगळी वखार हसली. मी म्हणालो, हसा, छापलेलं चुकत न्हाई. अडाणी माणसाला अक्षर आलं की तो देवाचंबी ऐकत न्हाई.

अशात मारुती कुणाला न सांगता पुण्याला गेला आणि पलटणीच्या भरतीत उतरला. छाती मोजली, दात बघितले, घेतला. पंधरा दिसांनी हजर व्हायचं. पेढे घेऊन आला. म्या पेढ्याला हात लावला न्हाई.

तो म्हणाला, "बा, आता कुठं लढाई हाय?"

"भिंतीला इचार. जनावरावानी धुरात मरायला धाडू व्हय तुला?"

त्यानं आईकडं बघितलं. ती पीठ मळत होती. ती एवढंच म्हणाली, "तुझा बा वाचतो. आपल्याला काय कळतंय?"

मी म्हणालो, जायचं तर माझ्या मढ्यावरनं जा. तो गेला न्हाई. दिवस टळला. पुढं एसटीत लागला, हातानं गुणी, नटाचे पाने फिरवता फिरवता इंजिन शिकला. पण माझ्याशी बोलणं टाकलं. एका खोलीत आठ वर्सं. बाला सांग, पगार झाला. त्याला सांग, छत्री ने. सगळं तिच्यामार्फत. सोयरिकी आल्या त्याबी तिच्याकडंच नको म्हणाला.

तीन पावसाळ्यांनी फळ्या कुजल्या. बदलायच्या म्हणून मी एकटाच कोमट पाण्यानं कागद सोडवीत होतो. दुमडलेली कड उलगडली. आकडा मला मेंढरं मोजायच्या वयापासनं कळतो. १९३६. दुसरा कागद, तेच साल. तिसरा, तेच. सगळी भिंत एका सालाची. त्या साली मी वस्तीवर होतो, मारुती चार-पाच वर्सांचा होता. तो सगळा धूर, त्या फौजा कवाच येऊन, त्यातनं मोठी लढाई होऊन, सगळं विझून गेलं होतं.

म्या कागद नीरेत सोडले आणि घरी कुणाला सांगितलं न्हाई. त्या दोघांनी विचारलंबी न्हाई. पाच वर्सं ते छातीत घेऊन जेवलो.

यंदा मारुतीची आई गेली. दवाखान्यात नऊ दिवस होती. तेराव्याची माणसं पांगली आणि खोलीत आमी दोघं उरलो. मधी सांगणारं कुणी न्हाई. त्याच्या खिशात बदलीचा कागद होता, सोलापूरची. तो मला विचारणार कसा, हेच मला कळंना. शेवटी मीच बोललो. भिंतीकडं तोंड करून म्हणालो, पोरा, ते पेपर जुने होते, मला पाच वर्सं ठाव हाय.

तो म्हणाला, "मलाबी ठाव हाय. आईनं सांगितलं, दवाखान्यात. तिला पयल्या दिसापासनं ठाव व्हतं. वाण्यानंच सांगितलं व्हतं, कागद लई जुनं हायती म्हणून."

"मग बोलली का न्हाई?"

"बोलली असती तर म्या गेलो असतो."

मी खाली बसलो. आधी राग आला. लबाड बाई. पोराचा राग आठ वर्सं माझ्या डोक्यावर ठेवला आणि दोघांना गरम भाकरी वाढली. मग आठवलं, धुराची बातमी ती दोन-दोनदा वाचायला लावायची, आणि नेमकी पोरगं ताटावर असताना. वस्तीवरनं उठताना मी तिला विचारलं नव्हतं. तिनंबी मला विचारलं न्हाई. तिचं बरोबर होतं असं मी म्हणत न्हाई. पोराचं वय गेलं त्यात.

वरून निरोप येतो, म्हातारा आता वस्तीवर परत येणार का. न्हाई येणार. वर छप्पर पडलं असंल, आणि पडलं नसलं तरी त्यात तिचा आवाज न्हाई. भोरच्या खोलीतबी न्हाई. घर म्हणजे काय विचाराल तर मला एवढंच कळतं की दोन मुके पुरुष तिनं एका चुलीपाशी बसवून ठेवले होते. ते बसणं म्हणजे घर. बाकी वासे आणि फळ्या.

आणि खरं सांगू, भ्या गेलेलं न्हाई. आता मी चावडीवर जाऊन आजचा पेपर वाचतो, आधी साल बघून. त्यातबी छापलंय की हिमालयाच्या अंगाला परक्या फौजा येऊन बसल्यात. भिंतीवरबी सुरवात अशीच होती. मी हे मारुतीला वाचून दाखवलेलं न्हाई.

काल त्यानं ट्रंक बांधली. बांधता बांधता, मधी कुणी नसताना, मलाच विचारलं, "बा, तुमी येताय न्हवं?"

मी म्हणालो, येतो. पण तिथं मला काम काय?

"बसायचं. पेपर वाचायचा," तो म्हणाला. "तिथं ताजा येतो."

आठ वर्सांनी पोरगं माझी थट्टा करत होतं. मी सवयीनं चुलीकडं बघितलं, तिनं ऐकलं का म्हणून.