डावीकडं वाढणारी रेघ

“आधी तोंड, मग पाऊल,” मास्तर म्हणायचे आणि खडूनं माखलेलं बोट माझ्याकडं न करता जमिनीकडं करायचे. परक्या बाईकडं बोट दाखवायचं नाही, हा त्यांचा नियम.

शहागंजच्या मागच्या गल्लीत ते आमच्या शेजारच्या खोलीत राहत. पोलीस ॲक्शन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. मास्तरांचं सगळं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालेलं आणि आता शाळेत गणित शिकवायचं मराठीतून. ‘मनफी’ म्हणून जीभ चावायचे, मग ‘ऋण’ म्हणायचे.

मी चौथी पास. नवऱ्यानं टाकलेली, भावाकडं राहत होते. बाहेरून बसून सातवी पास झाले असते तर मुलींच्या शाळेत नोकरी मिळणार होती. नाहीतर भावजयीची भांडी होतीच. बाकी विषय पाठ केले. अडले ते ऋण आकड्यांवर. नसलेल्यातून आणखी काढायचं, हे मला पटेचना.

मास्तरांनी दारापुढच्या फरश्यांवर खडूनं आकडे लिहिले. मधे शून्य. डाव्या हाताला नळ होता, तिकडं एक, दोन, तीन. उजव्या हाताला जिना, तिकडं ऋण आकडे. पाटीवरही तसंच काढायचे. पहिल्या आकड्यावर नळाकडं तोंड करून उभं राहायचं. बेरीज असेल तर तोंड तसंच, वजा असेल तर पाठ फिरवायची. पुढचा आकडा धन असेल तर सरळ चालायचं, ऋण असेल तर उलट्या पावलांनी.

“दोनातून ऋण तीन वजा करा.”

दोनावर उभी राहिले, पाठ फिरवली, तीन पावलं मागं मागं गेले. पाचावर आले.

“काढायला निघाले नि वाढलं कसं हो मास्तर?”

“पायांना विचारा, बाई. मला कशाला?”

नळावरून भावजय ओरडली, “वन्सं, अंगात आलंय का? घागर उचला आधी!”

महिनाभर मी अशी मागं-पुढं चालले. मास्तर एकदाही चिडले नाहीत. त्याचाच मला राग यायचा. चुकल्यावर माणसानं निदान ओरडावं. हे म्हणणार, “बरं झालं. चूक कुठं होते ते कळलं.”

पेपरात सगळ्या बेरजा-वजाबाक्या मी मनातल्या फरश्यांवर चालून सोडवल्या. शेवटच्या प्रश्नात आकड्यांची रेघ छापलेली होती. तिच्यावर धन आकडे उजवीकडं! महिनाभर आपण सगळं उलटं शिकलो, असं वाटलं. पहिल्या पानावर गेले आणि एकूण एक उत्तराचं चिन्ह बदललं. घंटा झाली.

हसा तुम्ही. रेघ कोणत्याही बाजूला वाढू द्या, उत्तर तेच येतं, हे आज मलाही कळतं.

नापास झाले, फक्त गणितात. काय केलं ते मास्तरांना सांगितलं. त्यांनी प्रश्नपत्रिका मागून घेतली आणि त्या रेघेवर बोट ठेवलं.

“लहानपणापासून उजवीकडून डावीकडं लिहीत आलो, बाई. हात तिकडंच जातो. तुमची उत्तरं बरोबर होती. रेघ माझी चुकली.”

“तुमची नोकरी आहे ना शाबूत? मग झालं तर,” मी म्हणाले.

पुढच्या परीक्षेचा फॉर्म ते स्वतः भरून घेऊन आले. “आता रेघ उजवीकडं काढतो,” म्हणाले. मी दार लावून घेतलं. त्यांनी फॉर्म उंबऱ्यावर ठेवला. दोन दिवसांनी त्यांची बदली झाली आणि ते सिल्लोडला गेले. पुन्हा दिसले नाहीत.

मास्तरांनी माझी नोकरी घालवली, असं मी जन्मभर सांगत आले. पण त्या फॉर्मवर फक्त माझी सही राहिली होती आणि मुदतीला आठ दिवस होते. आठही दिवस मी मास्तरांना शिव्या घातल्या. सही केली नाही.