हातात किती पडतात?

"पगार किती हाय तुमचा?"

हा प्रश्न तोंडावर विचारणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बहुधा त्यांच्या घरी लग्नाची मुलगी असते. आक्कांच्याही घरी मुलगी होती, पण त्या जावई शोधत नव्हत्या. समोरच्यानं आकडा सांगितला की हातातल्या कागदाची घडी न थांबवता त्या म्हणायच्या, "ते झालं कागदावरचं. हातात किती पडतात?"

मी लातूरच्या एका छापखान्यात प्रुफं तपासत होतो, तेव्हाची ही गोष्ट. आक्का तिथं बायंडिंगला होत्या. मूळच्या शिरूर अनंतपाळकडच्या. नवरा आडत बाजारात हमाली करायचा. तो गेल्यावर त्या छापखान्यात आल्या आणि पोतं अंथरून छापील तावांच्या घड्या घालू लागल्या, वह्या शिवू लागल्या.

जिल्हा नवा झाला होता. कचेऱ्यांना नवी रजिस्टरं हवी होती, पावतीपुस्तकं हवी होती, सगळ्यांवर 'जिल्हा लातूर' हवं होतं. त्यात पावसानं दगा दिला आणि दुष्काळी कामांचे हजेरीपट छापायला आले. बाहेर टँकरपुढे घागरींची रांग आणि आत आम्हाला काम आवरेना. आक्का म्हणायच्या, "लोकाच्या दुष्काळावर आपला चहा चाललाय, भाऊ." आणि कप अर्धाच पिऊन ठेवायच्या.

त्यांची लेक दुपारी डबा घेऊन यायची आणि रद्दी कागदांच्या मागं अक्षरं काढत बसायची. तिचं वळण पाहून मालकांनी एकदा लग्नपत्रिकेचा मथळाच तिच्याकडून काढून घेतला. शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी अर्ज भरून दिला आणि बारावीनंतर पोरीला मुंबईच्या कॉलेजात छपाई आणि मांडणीच्या पदवीला प्रवेश मिळाला. चार वर्षं. फी, वसतिगृह, रंग, कागद. शिक्षणासाठी कर्ज काढणं आमच्याकडे तेव्हा नवलाचंच होतं, पण बँकेतले साहेब भले माणूस. ते म्हणाले, "पूर्ण रक्कम मंजूर करतो. डिग्रीवाल्यांना पगार भरपूर. दोन वर्षांत फिटेल."

"कुनाचं फिटलं, साहेब? नाव सांगा, मी जाऊन भेटते."

साहेबांनी रजिस्टर चाळलं आणि मिटून ठेवलं.

मग आक्कांचं विचारणं सुरू झालं. आधी आमचे मालक. "डिग्रीवाला ठेवला तर त्याला किती द्याल?" मालक हसले. "कंपोझिटरहून थोडे जास्त. पण मला कशाला हवा डिग्रीवाला?" मग यंत्राचा मेकॅनिक, कागदवाल्याचा विक्रेता, औशाहून होणाऱ्या सासऱ्याबरोबर पत्रिका छापायला आलेला एक इंजिनिअर. बिचारा नवरदेव होता. त्यानं पगार सांगितला आणि सासऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिला, कारण सोयरीक ठरताना त्यांना वेगळा सांगितला होता.

कागदवाल्याकडून कळलं की नांदेडला एका ऑफसेट छापखान्यात त्याच पदवीचा एक तरुण आहे. आक्का म्हणाल्या, "रविवारी चला संगं. इंग्रजी शब्द आले तर मला कळायचे न्हाईत." आम्ही सकाळची एसटी धरली.

तरुण कडक इस्त्रीच्या शर्टात आला. आम्हाला हॉटेलात नेऊन त्यानंच चहा सांगितला आणि चांगला घसघशीत आकडा सांगितला.

"हातात?" आक्कांनी विचारलं.

त्यानं आणखी एक चहा सांगितला. आक्का आवाज खाली आणून म्हणाल्या, "दादा, मी तुमच्या घरी सांगायला आले न्हाई. मला लेकीच्या नावावर कर्ज काढायचं हाय."

तेव्हा तो बोलला. सांगितला त्याच्या निम्माच हातात पडत होता. कर्जाचे हप्ते अजून वडीलच भरत होते. इतका मोठा पगार असून पोरगा काही पाठवत नाही, अशी वडिलांची समजूत. त्याच्या वर्गातले काही पुण्याकडे खोक्यांच्या कारखान्यांत चांगले लागले होते. एकानं फोटो स्टुडिओ काढला, दोघांनी ही लाइनच सोडली.

"पुन्हा शिकायचं म्हणलं तर हेच शिकाल?"

"हेच," तो लगेच म्हणाला. मग एकावर एक रंग चढून शेवटच्या काळ्या रंगासरशी कागदावर चेहरा कसा जिवंत होतो, ते सांगत सुटला. निम्मे शब्द इंग्रजी होते. आक्कांनी मला एकाचाही अर्थ विचारला नाही.

परतीच्या गाडीत अहमदपूर मागं पडलं. आक्का म्हणाल्या, "साहेब लई पगारावर कर्ज मोजायलेत, भाऊ. ते ह्या पोराच्या पगारावर मोजायचं. ह्याला जेवढं फिटंल तेवढंच काढायचं."

मी एसटीच्या तिकिटामागं हिशेब केला. रक्कम निम्म्यावर आली. "आणि बाकीचे?"

"ते मी बघते."

लेक भांडली. "पूर्ण काढ ना आई! मी फेडीन की!"

"फेडशील गं. पन फेडताना जेवशील का?"

मंजूर रकमेच्या निम्मंच कर्ज मागणारं माणूस साहेबांनी पहिल्यांदा पाहिलं असावं. त्यांनी दोनदा विचारून सही घेतली.

पुढची चार वर्षं आक्का दिवसा छापखान्यात आणि उरलेला वेळ घरी आडतवाल्यांच्या खातेवह्या शिवत राहिल्या. खळीनं बोटांची सालं निघायची. त्यांवर चिंध्या बांधून त्या शिवायला बसायच्या. दुसऱ्या उन्हाळ्यात कचेऱ्यांची बिलं अडकली आणि आमचे पगार थांबले, लेकीला पैसे जाईनात. लेकीचं पत्र आलं, शिक्षण सोडून परत येते. मी वाचून दाखवलं. आक्का उठल्या, मालकांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "आजवर कधी आगाऊ मागितलं न्हाई. आज द्या." मालक कुरकुरले, पण दिले. त्या माझ्याकडे आल्या. "भाऊ, एवढंच लिवा. पैसे पाठवलेत. यायचं न्हाई."

ती आली नाही. पदवी घेतली आणि पुण्याजवळ औषधांची खोकी छापणाऱ्या कारखान्यात लागली. पहिला पगार जवळपास नांदेडच्या त्या तरुणाइतकाच निघाला. पूर्ण कर्ज काढलेल्या बरोबरच्या मुलींचे हप्ते थकले. हिचा दर महिन्याला जात होता आणि ही दोन वेळा जेवत होती. आक्कांनी माझ्याकडून नांदेडच्या तरुणाला पत्र लिहून घेतलं, "तुमच्यामुळं झालं." आठवड्यात उत्तर आलं. 'तुम्ही गेल्यावर वडिलांना खरं सांगितलं. तेव्हापासून हप्ते मीच भरले.' ते पत्र आक्कांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

कर्ज फिटल्यावर लेक त्यांना पुण्याला घेऊन गेली. मालकांना त्यांच्या जागी दोन बायका ठेवाव्या लागल्या, तरी वह्या वेळेवर होत नसत.

तीन वर्षांनी आक्का तिकडेच वारल्या. मी भेटायला गेलो तेव्हा लेकीनं सांगितलं, एकदा आईला कारखाना दाखवायला नेलं होतं. छपाईच्या मोठ्या यंत्रांपाशी त्या फार थांबल्या नाहीत. खोक्यांच्या घड्या घालणाऱ्या यंत्रापाशी मात्र तासभर उभ्या होत्या. एका बाजूनं सपाट पुठ्ठे आत जात होते, दुसऱ्या बाजूनं घड्या होऊन पडत होते. कुणीतरी खुर्ची आणून दिली, तर नको म्हणाल्या. चिंध्यांतून सुटलेले दोन्ही हात पाठीमागं धरून, मान जराशी कलती करून, एकेक घडी बरोबर पडते का ते बघत राहिल्या.