प्रल्हादच्या भट्टीआधीच्या भट्ट्या

चार खवय्ये एका गाडीत बसले की किस्से शोधावे लागत नाहीत. काचा बंद असल्या तरी ते कुठून तरी आत शिरतात आणि मागच्या सीटवर जागा धरून बसतात. आमच्या गाडीत तर आता माणसांपेक्षा किस्सेच जास्त झालेत, म्हणून थोडे इथं उतरवतो.

आधी माणसं सांगतो. गाडी बालाजीची, त्याचं कळमनुरीत हार्डवेअरचं दुकान आहे. पुढच्या सीटवर इंगोले सर, पीटी शिकवून रिटायर झालेले, पण शिट्टी अजून खिशात. मागे मी आणि प्रल्हाद राठोड. प्रल्हाद आखाडा बाळापूरजवळच्या बंजारा तांड्यावरचा. बियाणं कंपनीतली नोकरी सोडून त्याने नांदेड रोडला हॉटेल बांधलं. निखाऱ्यावर भाजलेलं मटण, चिकन, बाकी काही नाही. बोर्डावर मोठ्या अक्षरात 'बार्बेक्यू' रंगवून घेतलं. आपली भट्टी पेटवायच्या आधी जिल्ह्यात सगळ्यात चांगलं कोण भाजतं ते खाऊन बघायचं, असं त्याने ठरवलं. या अभ्यासात आम्ही तिघं त्याला पूर्ण निःस्वार्थ भावनेने मदत करत होतो!

अडचण एकच होती. त्याची याडी, म्हणजे आई, म्हणाली होती, "तांड्यात मास वाटत्यात, इकत न्हाईत. तू इकायला बसलास तर मी तिथं पाय ठेवणार न्हाई." आणि प्रल्हादचा हट्ट असा, की पहिला जाळ याडीच्याच हातचा, नाहीतर भट्टी पेटणारच नाही. नोकरी सुटलेली, हॉटेल उभं आणि भट्टी थंड, अशा अवस्थेत तो आमच्याबरोबर फिरत होता.

*

बालाजीच्या घरी वहिनी माळकरी. घरात अंडंसुद्धा येत नाही. बाहेर काय खायचं ते खा, पण मला कळू देऊ नका, एवढाच त्यांचा नियम. म्हणून बालाजी डिकीत एक जादा शर्ट ठेवतो. भट्टीवरून निघालं की रस्त्याकडेला गाडी थांबवून शर्ट बदलायचा, बडीशेप खायची, मग घर.

एकदा सगळं व्यवस्थित करून तो दारात उभा राहिला. वहिनींनी जवळ येऊन एक श्वास घेतला आणि म्हणाल्या, "शर्ट बदलला, बरं केलं. मिशा कवा बदलणार?"

*

बाळापूरला एका ढाब्याचं फार नाव ऐकलं होतं. तिथं पोहोचल्यावर प्रल्हाद थेट भट्टीकडे गेला. कोळसा कुठला, सळया कशाच्या, मटण किती वेळ मुरवता, सगळं विचारत सुटला. मालकाच्या कपाळावर घाम आला. त्याने भराभर झाकणं टाकली, फडकं मारलं, पोऱ्याला टोपी घालायला लावली आणि आमच्यापुढे सीलबंद पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. खायला मात्र काही येईना.

शेवटी तो हात जोडून म्हणाला, "सायेब, आज भट्टी बंद हाय. तपासणी काय असंल ती करून घ्या."

प्रल्हादला एकदम उलगडा झाला. तो हसत म्हणाला, "मी साहेब न्हाई हो. मी नांदेड रोडला हेच हाटेल टाकून राहिलो."

मालकाचा चेहरा आणखी उतरला. "मंग सायेबच असता तर बरं झालं असतं," तो म्हणाला.

*

हिंगोलीत एक नवीन हॉटेल झालंय. टेबलाच्या मधोमध छोटी शेगडी आणि बाजूला स्टँडवर वीतभर झेंडा. झेंडा उभा आहे तोवर वेटर कबाब आणत राहणार. पोट भरलं की आपण झेंडा खाली करायचा. मोठ्या शहरातली पद्धत आहे म्हणे.

आम्ही भर दुपारी बसलो. थोड्या वेळात आमची पोटं टम्म झाली, पण वेटर येतच राहिला. बालाजीने झेंड्याकडे हात नेला तर इंगोले सरांनी त्याचं मनगट धरलं.

"काय करता? सूर्यास्ताच्या आधी?"

"सर, हा तसला झेंडा न्हाई."

"झेंडा म्हणजे झेंडा. नोकरीत असताना उन्हात उभं राहून सांभाळला, आता एसीत बसून उतरवू काय?"

मॅनेजर आला, त्याने समजावलं, सर ऐकेनात. कबाबांचा ढीग झाला. शेवटी प्रल्हादने एका हाताने सरांचे डोळे झाकले आणि दुसऱ्याने झेंडा खाली केला. डोळे उघडल्यावर सर खुर्चीवरून उठले. बिल येईपर्यंत सावधानमध्ये उभे राहिले!

*

साखरा गावाकडे एक शेतकरी बांधावर कोंबडी भाजून देतो, असं कळलं होतं. आम्ही उपाशीपोटी गेलो. तो शांतपणे म्हणाला, "आज एकादशी हाय. भट्टीत वांगी हायेत."

आमची तोंडं पडली. पण त्या माणसाने बाभळीच्या निखाऱ्यातून काढलेली वांगी आमच्यासमोर सोलली, त्यात तेल, मीठ आणि मिरचीचा ठेचा घातला, सोबत ज्वारीची गरम भाकरी दिली, आणि कोंबडीची आठवणही कुणाला राहिली नाही. सरांनी तिथल्या तिथं जाहीर केलं, "जिल्ह्यात पहिला नंबर." खरं सांगतो, मलाही ते पटलं.

त्या दिवशी बालाजी शर्ट न बदलता, छाती काढून घरी गेला. वहिनींनी नाकाला पदर लावला. हा म्हणाला, "आज वांगी खाल्ली, देवाशपथ."

वहिनी म्हणाल्या, "आजवर गप तरी राहत होता. आता खोटं पण बोलाय लागलात."

*

प्रल्हाद वाळत चालला होता. जेवण आमच्याबरोबर, तरी वाळत होता. म्हणून एके दिवशी सर आणि मी त्याला न सांगता तांड्यावर गेलो.

तांड्यात बोकड कापलं होतं. याडी अंगणात पळसाच्या पानांवर वाटे घालत बसली होती. एका पानातला तुकडा उचलून दुसऱ्यात टाकायची, पुन्हा बघायची, पुन्हा सारखं करायची. ऊसतोडीला गेलेल्या घराचंसुद्धा पान होतं, कारण त्यांची म्हातारी मागे राहिली होती.

सरांनी मुद्दे तयार करून आणले होते. "याडी, शहरात लोक पैसे देऊन खातात. त्यात वाईट काही नाही."

याडी मान वर न करता म्हणाली, "भाजल्याचा धूर समद्यांच्या घरात जातो. मंग मास एकाच्याच ताटात काहून?"

 आम्ही आमचा वाटा खाऊन परत आलो.

*

मग कळमनुरीच्या बाजाराच्या दिवशी एक जीप हॉटेलसमोर थांबली आणि याडी उतरली. लेकराचं तोंड वाळलंय, असं कुणीतरी तिला सांगितलं होतं. "पेटवून देते आन् जाते," ती म्हणाली. प्रल्हादला काय करू आणि काय नको असं झालं. त्याने काडेपेटी तिच्या हातात दिली. 

जाळ झाला, निखारे पडले, बालाजीने बाजारातून मटण आणलं, धूर बघून रस्त्यावरची गिऱ्हाइकं येऊन बसली, तरी याडी गेली नाही. भट्टीजवळ बसून बघत राहिली. पहिली ऑर्डर नांदेडहून आलेल्या एका कुटुंबाची. प्रल्हादने मोठी थाळी सजवली आणि तो निघाला. त्याच वेळी बाकीच्या टेबलांवर माणसं वाट बघत होती, दारात एक म्हातारा शेतकरी नुसतं पाणी प्यायला थांबला होता, आणि थाळीचा धूर सगळ्यांच्या नाकावरून चालला होता.

याडी उठली. तिने लेकाच्या हातातली थाळी काढून घेतली, एकदा सगळ्या माणसांवरून आणि बाहेर उभ्या गाडीवरून नजर फिरवली आणि रिकाम्या प्लेटा मांडून वाटे घालायला बसली. सगळ्यांचे सारखे. आम्हालासुद्धा. पाणी पिणाऱ्या म्हाताऱ्याच्या हातात तिने स्वतः प्लेट दिली. ज्यांनी ऑर्डर दिली होती, त्यांच्यापुढे मोजकेच तुकडे गेले.

 प्रल्हाद रिकाम्या हातांनी भट्टीजवळ उभा. बालाजी माझ्या कानात म्हणाला, "गेलं हाटेल."

नांदेडच्या त्या माणसाने आपली प्लेट बघितली. शेजारची बघितली. मग दारातला म्हातारा बोटं चाटत होता, तिकडे बघितलं. आणि उठून याडीसमोर आला.

"आजी, आमची आई गाडीत बसलीय," तो म्हणाला. "गुडघ्यांमुळं उतरता येत नाही तिला. तिचा वाटा?"

याडीने बाजूची झाकलेली प्लेट उचलून त्याच्या हातात दिली. "तो कवाच काढलाय," ती म्हणाली. मग पदर खोचून भट्टीकडे वळली आणि प्रल्हादला म्हणाली, "उभा काहून राहिलास? दुसऱ्या सळया लाव. तांडा मोठा हाय."