एका सोडतीचे दहा रुपये

दोन हजार तीन-चारचा सुमार असेल. मालवणच्या बाजारात ऑनलाइन लॉटरीचं दुकान निघालं आणि माझा थोरला भाऊ त्या नादाला लागला. दादाची स्वतःची होडी होती, वडिलांनी मागे ठेवलेली. एका दिवशी मासळीचे सगळे पैसे त्याने एकाच आकड्यावर लावले आणि हात हलवत घरी आला. आज ना उद्या होडीही जाणार, या धास्तीने वहिनीने अंथरूणच धरलं.

मग आमच्याकडे अशा वेळी करतात तेच आम्ही केलं. ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायला गेलो. गुरवाने विचारलं, "नेमकां काय सांगू?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरात कॉलेज केलेला मी एकटा, आणि त्याचा तोराही मला तेव्हा कमी नव्हता. मी म्हटलं, "एका सोडतीक धा रुपयांच्या वर लावचो नाय, असां सांगा." गुरवाने तसं सांगितलं. आम्ही सगळे "होय म्हाराजा" म्हणालो, दादाही म्हणाला.

माझ्या डोक्यात लॉटरी म्हणजे आठवड्याला एकदा निकाल लागणारं तिकीट. इथे दर पंधरा मिनिटांनी सोडत निघायची. मला ठाऊक नव्हतं म्हणायलाही तोंड नाही, कारण दुकानाच्या पाटीवर ते लिहिलेलं होतं आणि मी रोज तिथूनच जायचो.

दादाने शब्द पाळला, अगदी मनापासून. दहाच्या वर एक पैसा नाही. पण सकाळी दुकान उघडलं की तो जाऊन बसे आणि पुढची सोडत चुकेल म्हणून चहालाही उठत नसे. पूर्वी निदान दुपारपर्यंत समुद्रावर असायचा. आता होडी वाळूवरच पडून राहू लागली.

वहिनी म्हणाली, "परत गाऱ्हाणां घालूया. दिवसाचो आकडो बांधून घेवया."

दादा शांतपणे म्हणाला, "देवासमोर बोललेला मी मोडूक नाय. मगे देवाक रोज रोज कित्याक त्रास देतलंस?"

तो बहाणा करत नव्हता. आपण बांधावर सुखरूप उभे आहोत असं त्याला खरंच वाटत होतं, आणि तो बांध मी घातलेला होता. त्याच वेळी माझी चूक कबूल करायला हवी होती. शिकलेल्या माणसाची लाज आडवी आली आणि मी गप्प बसलो. याचं मला अजून वाईट वाटतं.

नारळी पौर्णिमेच्या आधी होडी विकली गेली. घेणारा वाडीतलाच, भला माणूस. होडीची खोड माहीत असलेला कोणी हवा म्हणून त्याने दादालाच खलाशी ठेवलं.

पहिल्या दिवशी मी किनाऱ्यावर होतो. सगळ्यांनी होडी पाण्यात ढकलली, दादानेही खांदा लावला. बाकीचे चढले. दादा गुडघाभर पाण्यात होडीची कड धरून उभा राहिला, मालक "चढ रे" म्हणेपर्यंत.