आरामातले उंदीर

भोपाळच्या आमच्या कॉलेजात प्रयोगाचे उंदीर सांभाळणारे काका कारखान्याच्या टाऊनशिपमधून सायकलने येत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. पिंजरा उघडण्याआधी ते दारावर हळूच टकटक करत.

रोज नळीत कोंडलेल्या उंदरांची रक्तातली साखर ताणाने वाढते, हे मला दाखवायचं होतं. पण तुलनेसाठी पिंजऱ्यात आरामात मोकळ्या ठेवलेल्या उंदरांचीही वाढली. आमच्या घरातला कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि आता प्रोजेक्ट बुडणार होता.

काका म्हणाले, "भैया, तुम्ही रोज या मोकळ्या उंदरांच्याच पिंजऱ्यासमोर येरझारा घालत तोंडी परीक्षेची उत्तरं घोकता. ते बिचारे आराम कधी करणार?"

मग मी बाहेर जांभळाखाली घोकू लागलो. मोकळ्या उंदरांची साखर उतरली. काका मात्र सोबतीला ऐकत बसत. आठव्या दिवशी त्यांनी बोट पुढे केलं.

"आता माझी शुगर बघा."